खालच्या खणातल्या एकसष्ट फायली

परवाना कार्यालयात तिला सगळे 'तीन नंबर' म्हणत. ती खिडकी बंद होऊन दोन वर्षं झाली होती, काचेच्या जागी भिंत उभी राहिली होती, तिचं टेबल आतल्या खोलीत गेलं होतं. पण नाव काही हललं नाही. शिपाई दारातूनच ओरडायचा, "तीन नंबर, साहेब बोलावतायत," आणि सत्तेचाळीस वर्षांची बाई चष्मा कपाळावर सरकवून उठायची.

एकोणीस वर्षं ती त्या खिडकीत बसली. न्हावी आले, पाववाले आले, कपडे धुण्याची दुकानं, वसतिगृहं, शिकवण्या, समारंभांचे हॉल, सगळ्यांचे अर्ज त्या काचेच्या फटीतून आत आले. ओल्या स्पंजावर बोट टेकवून ती कागद मोजायची, पावतीवर तारखेचा शिक्का मारायची आणि सांगायची, "फाईल पुढे गेलीय." पुढे म्हणजे कुठे, हे कुणी फारसं विचारत नसे. विचारलं तर ती खरं ते सांगायची: "मलाही ठाऊक नाही. पण विचारून ठेवते." आणि ती खरोखरच विचारून ठेवायची. जेवणाच्या सुट्टीत डबा हातात घेऊन ती मजल्या-मजल्यावर हिंडे, कोणती फाईल कोणाच्या टेबलावर कोणत्या गठ्ठ्याखाली आहे ते पाहून येई. अशी हिंडून हिंडून तिला ते कार्यालय एखाद्या जुन्या नातेवाइकासारखं ठाऊक झालं होतं, त्याच्या खोडींसकट.

तर झालं असं, की वरून हुकूम आला: परवाने, मंजुऱ्या, तपासण्या, सगळं आता संगणकावर. कंपनीचा माणूस आला. उंच, मानेत किंचित वाकलेला, सभ्य. कोणतीही अडचण सांगितली की तो म्हणायचा, "होऊन जाईल." दुसऱ्या आठवड्यात त्याचं नावच 'होऊन जाईल' पडलं, आणि ते त्याला कळल्यावरही त्याने ते हसून चालवून घेतलं.

पहिल्या बैठकीत त्याने फळ्यावर चौकोन काढले. अर्ज, छाननी, तपासणी, शुल्क, परवाना. पाच चौकोन, चार बाण. अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या. नमुन्याचे अर्ज द्यायला म्हणून ती आत आली होती, ती फळ्याकडे पाहत दारातच थांबली.

"आणि तपासनीस गेले तेव्हा दुकान बंद असलं तर?" तिने विचारलं.

होऊन जाईलने सहावा चौकोन काढला.

"आणि दुकान एकाच्या नावावर, विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर, आणि दोघे एकमेकांशी बोलत नसले तर?"

कुणीतरी हसलं. त्याने मात्र खडू खाली ठेवला नाही. संध्याकाळपर्यंत फळ्यावर त्रेचाळीस चौकोन झाले होते आणि फळा संपला होता. पुढच्या सोमवारी जुन्या वह्यांच्या खोलीत एक टेबल, संगणकाचे दोन पडदे आणि एक खुर्ची मांडली गेली. तीन नंबर तिथे बसली.

तिला प्रोग्रॅमचं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ते तिचं कामही नव्हतं. यंत्राला कार्यालय समजावून सांगायचं, हे तिचं काम. कोणत्या अर्जात काय विचारायचं, कोणत्या क्रमाने, कुणाला काय दिसेल, कशाशिवाय कुणाला सही करता येणार नाही. बेकरीच्या अर्जात पत्ता चार वेळा विचारला होता. तिने तो एकदा ठेवला. प्रत्येक अर्जात एक रकाना होता, अर्जदाराच्या आजोबांचं नाव. ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "हे कशाला लागतं?" साहेबांनी मोठ्या साहेबांना विचारलं, त्यांनी विधी विभागाला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की आधीपासून आहे. तिने रकाना काढून टाकला. चाचणीसाठी खोटे अर्ज लागायचे, तेव्हा ती 'वारा भरून देण्याचे दुकान' आणि 'सावली भाड्याने मिळेल' असे अर्ज भरायची, आणि सावलीला अग्निशमनाचा दाखला लागतो का, यावर ती आणि होऊन जाईल अर्धा तास गंभीरपणे वाद घालायचे.

सगळ्यात अवघड काम तपासणीचं होतं, कारण तपासणी म्हणजे दारकाका.

दारकाका हे जुने तपासनीस. निवृत्तीला चार महिने उरलेले, गुडघे गेलेले, आवाज शाबूत. कुठेही तपासणीला गेले की उंबऱ्यावरूनच पहिला प्रश्न, "दुसरं दार कुठंय?" हिशेबाची वही, पाण्याची टाकी, भिंतीचा रंग, सगळं नंतर. त्यांच्या टेबलाला तीन खण होते. वरच्यात मंजूर, मधल्यात नामंजूर. खालच्या खणाला नाव नव्हतं. ज्या जागी काहीतरी कमी आहे, पण नकार लिहिला तर माणूस आयुष्यातून उठेल, अशी फाईल खालच्या खणात जायची. काका त्यावर काहीही लिहीत नसत. महिन्या-दोन महिन्यांनी त्या वाटेने गेले की डोकावत, म्हणत, "काय, जिना रुंद झाला का?" नसेल झाला तर पुन्हा दोन महिन्यांनी. कित्येक जिने असे रुंद झाले होते. कित्येक झाले नव्हते, आणि ती भिजत घोंगडी तशीच खणात पडली होती.

संगणकात जुन्या फायली चढवताना प्रत्येकीला चारपैकी एक स्थिती द्यावी लागे: नवीन, प्रलंबित, मंजूर, नामंजूर. नोंदी कंपनीच्या टंकलेखकांनी केल्या. कोणता खण कोणत्या स्थितीत जाईल, ते तिने ठरवलं. खालच्या खणापुढे तिने 'प्रलंबित' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? पाचवी स्थिती कुणी मागितलीच नव्हती.

आणि मग सिस्टीमबरोबरच नवा नियम आला. अर्ज आल्यापासून तीस कामकाजी दिवसांत कार्यालयाने निर्णय कळवला नाही, तर परवाना मंजूर झाला असं मानलं जाईल. पहिल्या तारखेपासून लागू. आधीच प्रलंबित असलेल्या अर्जांनाही, आणि त्यांचे दिवस मूळ पावतीच्या तारखेपासून मोजायचे. नियम चांगला होता. खिडकीबाहेर उभ्या राहिलेल्या माणसांसाठी असा नियम व्हावा असं तिला एकोणीस वर्षं वाटत आलं होतं. तिने तो स्वतः, शब्द न शब्द वाचून, सिस्टीममध्ये बसवला.

उद्घाटनाला अकरा कामाचे दिवस उरलेले असताना तिने चाचणीच्या प्रतीवर तारीख पुढे नेली, एक तारीख सकाळी नऊ, आणि बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली: 'मानीव मंजुरी – एकसष्ट परवाने छपाईस तयार.'

तिला आधी वाटलं, वारा आणि सावली असेल. मग तिने यादी उघडली. समारंभाचा हॉल, तळघरातला. मुलींचं वसतिगृह, चौथा मजला. रंगाचं गोदाम, वर राहती खोली. एकेक ओळ वाचताना तिला कळत गेलं की हा खालचा खण आहे, आख्खाच्या आख्खा, आणि आपल्याच हाताने आपण त्याला परवान्याच्या कागदावर बसवलंय. काकांनी ज्यांना नाही म्हणण्याची हिंमत केली नाही, त्यांना यंत्र एका दमात हो म्हणणार होतं.

अडतिसाव्या ओळीवर लिहिलं होतं: 'पाळणाघर, दुसरा मजला, बावीस मुले.' खाली तिच्या धाकट्या बहिणीचं नाव होतं.

तिने ती ओळ दोनदा वाचली. बहिणीच्या परवान्याचं काय झालं, हे तिने तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. सगळ्या गावाच्या फायली डबा हातात घेऊन शोधणारी बाई, हीच एक शोधायला गेली नव्हती. आता तर काही करायचीही गरज नव्हती. अकरा दिवस गप्प बसायचं, एवढंच. नियम खरा, तारीख खरी, कुणाचीही खोटी सही नाही. धाकटीच्या भिंतीवर चौकटीत परवाना लागला असता.

तिने यादी छापली आणि साहेबांच्या खोलीत गेली. होऊन जाईल तिथेच बसला होता.

साहेबांनी आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "एका क्लिकवर एकसष्ट परवाने! अहो, हेच तर सांगायचंय उद्घाटनाला."

"साहेब, यातल्या एकाही जागेला कुणी हो म्हटलेलं नाही."

"नाहीही म्हटलेलं नाही ना?"

"म्हणायला हवं होतं. म्हणूनच त्या खणात आहेत."

साहेबांनी होऊन जाईलकडे पाहिलं. होऊन जाईलने घसा साफ केला. "एक करता येईल. जुन्या अर्जांची तारीख आपण एक तारीख करू. सगळ्यांचं घड्याळ शून्यापासून. तीस दिवस मिळतील. दोन मिनिटांत होऊन जाईल."

"नाही होणार," ती म्हणाली. "त्या माणसांच्या घरी पावत्या आहेत. पावतीवर जी तारीख आहे ती मी मारलीय. माझ्या हाताने मारलेली तारीख मीच पुसू?"

"मग तुमचं म्हणणं काय?" साहेब वैतागले.

"अकरा दिवस आहेत. एकसष्ट फायली. प्रत्येकीवर निर्णय लिहायचा. त्रुटीचं पत्र गेलं की घड्याळ थांबतं, तसं नियमातच आहे. काय कमी आहे, कधीपर्यंत करायचं, परत कोण बघायला येणार, हे तिन्ही रकाने भरल्याशिवाय पत्र निघणार नाही, असं मी बसवते. आणि जिथे माणसं अडकून मरतील, तिथे काम पूर्ण होईस्तोवर जागा बंद."

"आणि उद्घाटनाला पाहुण्यांच्या हातात काय देऊ? पत्र?"

"ते तुम्ही ठरवा. आणखी एक. अडतीस नंबर माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. त्या फाईलला मी हात लावणार नाही. सिस्टीममधूनही ती माझ्या पडद्यावरून काढून टाका. हे लेखी घ्या."

साहेबांनी यादी पुन्हा पाहिली, मग तिच्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "अहो बाई, कोण विचारतंय? ते तर आपोआप होणार होतं."

"म्हणूनच लेखी घ्या."

दारकाकांना समजावणं त्याहून अवघड गेलं. ते खालच्या खणाला पाय लावून बसले होते, जणू आतून कुणी बाहेर पडेल.

"नाही लिहिलं की माणसाची चूल विझते, बाई. हो लिहिलं आणि उद्या काही झालं, तर माझी झोप जाते. म्हणून मी काही लिहीत नाही. मी जात राहतो. तुझ्या त्या डब्यात 'जात राहतो' असं बटण आहे का?"

"आजपासून आहे," ती म्हणाली. "पण काका, चार महिन्यांनी कोण जात राहणार? तुमच्या जागी येणाऱ्याला कसं कळणार, की वसतिगृहाचा जिना अजून तसाच आहे? तुमच्या डोक्यात आहे ते. डोकं घेऊन तुम्ही घरी जाणार."

काकांनी पाय खणावरून काढला. मग एकदम म्हणाले, "तुझ्या बहिणीची तुझ्याकडे बघून ठेवली होती."

तिचे कान तापले. "मी सांगितलं होतं?"

"नाही. तू काही बोलली नाहीस, मी काही बोललो नाही. आपला तो बाब्या." ते कण्हत वाकले आणि खण ओढला. तो इतका भरला होता की अर्ध्यावर अडकला. दोघांनी मिळून हिसका दिला तेव्हा बाहेर आला.

मग ते दहा दिवस. सकाळी आठला दोघे निघत. काका पुढे, काठी टेकत. ती मागे, हातात टॅबलेट. काका जिन्यात उभे राहून बोलत आणि ती लिही. "जिना अरुंद," असं ते म्हणायचे. ती विचारायची, "किती? मोजून सांगा." मग फीत निघायची. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की कागदावर 'अरुंद' लिहिणं चालून जात होतं, कारण वाचणारे काका आणि लिहिणारेही काकाच. मग जेवणानंतर ती खोलीत परत आली आणि तिने तो रकाना बदलला: आता तिथे शब्द चालणार नव्हता, माप लागणार होतं. होऊन जाईलने दुरून ते तपासलं आणि कधी नव्हे ते म्हणाला, "हे आम्हाला सुचायला हवं होतं."

लोकांनी शिव्या दिल्या. हॉलवाल्याने ओळखीच्या पाच मोठ्या माणसांची नावं घेतली, तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "यातलं कोणी दार बांधून देणार आहे का?" वसतिगृहाच्या बाई मात्र पत्र वाचून म्हणाल्या, "चार वर्षांत पहिल्यांदा कळलं, नेमकं काय करायचंय ते. आधी काका नुसते येऊन मान हलवून जायचे." काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. उतरताना ते दोन पायऱ्यांनंतर थांबले आणि म्हणाले, "मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेतोय."

तिने त्यांना हात दिला. बहिणीच्या बाबतीत तिलाही तीन वर्षं तसंच वाटत आलं होतं.

दहाव्या दिवशी साठ झाल्या. राहिली अडतीस नंबरची. तिची तपासणी काका एकटे करणार होते, उद्या सकाळी. आदल्या संध्याकाळी ती बहिणीकडे गेली.

दुसरा मजला. एकच लाकडी जिना, वळणावळणाचा, वर जाताना एका हाताने कठडा धरावा लागे. मुलं घरी गेली होती. धाकटी फरशीवर बसून ठोकळे पेटीत भरत होती. आई खाटेवर पाय लांब करून बसली होती. बावीस मुलांना दुपारी गोष्ट सांगून झोपवायचं काम आईचं, आणि ते ती मन लावून करायची, फक्त बऱ्याचदा मुलांआधी स्वतःच झोपायची.

तिने सगळं सांगितलं. लपवलं नाही, गोडही केलं नाही.

धाकटीने पेटीचं झाकण लावलं. "म्हणजे तू गप्प बसली असतीस तर मला परवाना मिळाला असता."

"हो."

"वा! सगळ्या जगाला सख्खी बहीण कार्यालयात असली की फायदा होतो. मला भोवली."

"अगं, ऐकून तरी..."

"बावीस आया आहेत, ताई. सकाळी आठला मूल माझ्या हातात देतात आणि कामावर पळतात. त्यांनी कुठे जायचं? तुझ्या मशीनच्या मांडीवर ठेवायची का पोरं?"

"मशीनचं नाही हे."

"मग कुणाचं? तीन वर्षं वर येऊन चहा पितेस. तेव्हा जिना दिसला नाही?"

तिने दाराकडे पाहिलं. आई म्हणाली, "भांडा, भांडा. माझ्या गुडघ्यांना तर हा जिना रोज दिसतो, पण मला कोण विचारतंय."

ती उठली. दाराशी येऊन म्हणाली, "एक कर. उद्या मुलं आली की एकदा सगळ्यांना खाली रस्त्यावर उतरव. खेळ म्हणून. काका घड्याळ लावतील. मी खाली उभी राहीन, वर येणार नाही. मग तुला जे वाटेल ते काकांना सांग. तुला वाटलं जागा ठीक आहे, तर तसं सांग."

"मला वाटण्याने काय होतं?"

"काका लिहायचं ते लिहितील. तुला स्वतःला कळायला नको?"

सकाळी साडेनऊला काका वर गेले. ती समोरच्या पदपथावर उभी राहिली, रिकाम्या हातांनी. वरून शिट्टी वाजली.

पहिली मोठी मुलं आली, धडाधड, हसत. दोघांनी वळणावर ढकलाढकली केली आणि मागची रांग तिथेच तुंबली. मग एक मुलगी परत वर गेली, कारण तिचा बूट राहिला होता. मग धाकटीची मदतनीस दोन हातांत दोन तान्ही घेऊन, कठडा धरायला हात नाही म्हणून भिंतीला पाठ घासत, एकेक पायरी. मग पुन्हा कुणीच नाही. वर धाकटीचा आवाज, "चला, चला, सोनू, रडू नकोस." मदतनीस तान्ही खाली एका बाईजवळ देऊन पुन्हा वर चढली आणि उतरणाऱ्यांना वाट देत अर्ध्यावर थांबली. मग आई, बसत बसत, दोन्ही पाय एका पायरीवर आल्यावरच पुढची. तिच्यामागे सहा मुलं अडकलेली, कारण आजीला ओलांडून जायला जागा नव्हती. सगळ्यात शेवटी धाकटी, कडेवर एक, हाताला एक, केस सुटलेले.

काका तिच्यामागून आले. घड्याळाकडे पाहून त्यांनी आकडा सांगितला नाही. नुसतं घड्याळ धाकटीसमोर धरलं. अकरा मिनिटं वीस सेकंद.

मुलं टाळ्या पिटत होती. "परत! परत!" धाकटीने बावीस डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग ती पदपथाच्या कडेला खाली बसली. दिवसाढवळ्या, धूर नाही, घाई नाही, आणि तरी अकरा मिनिटं.

"लिहा काका," ती म्हणाली. "काय लिहायचं ते लिहा." रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या बहिणीकडे तिने पाहिलं नाही.

काकांनी स्वतः, एका बोटाने, सगळे रकाने भरले. बंद, शनिवारपासून. कारण, माप, मिनिटं. बावीस घरांना पर्यायी सोय शोधायला चार दिवस, तोवर मोठी मुलं आणि तान्ही वेगवेगळ्या वेळी, एका वेळी आठच. ते शेवटचं नियमात नव्हतं. ते काकांनी शेऱ्यात घातलं, आणि खाली पहिल्यांदाच आपलं नाव पूर्ण लिहिलं.

एक तारखेला उद्घाटन झालं. पाहुणे आले, भाषणं झाली. साहेबांनी बटणाकडे हात केला, पाहुण्यांनी बटण दाबलं, मोठ्या पडद्यावर ओळ उमटली: 'मानीव मंजुरी – शून्य.'

पाहुणे म्हणाले, "किती परवाने निघाले?"

"एकही नाही, सर," साहेब म्हणाले. घाम पुसून त्यांनी मागे पाहिलं. ती तिथे उभी होती. साहेबांनी एक श्वास घेतला आणि, हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं, सरळ पुढे बोलले, "एकसष्ट जुनी प्रकरणं होती. प्रत्येकावर लेखी निर्णय गेलाय. आता शिल्लक काही नाही." पाहुण्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. होऊन जाईल तिच्या कानाशी म्हणाला, "झालं." ती म्हणाली, "झालं."

धाकटी महिनाभर बोलली नाही. आईकडून बातम्या यायच्या. आठ मुलं एका बाईकडे, पाच दुसरीकडे, दोन आयांनी नोकरीच सोडली. ही शेवटची बातमी ऐकून ती त्या दिवशी जेवली नाही, पण आपण चुकलो असंही तिला वाटलं नाही. दोन्ही एकाच पोटात मावत होतं. मग कळलं, धाकटी रोज सकाळी फीत घेऊन रिकामी दुकानं मोजत फिरतेय. मग कळलं, छपाईचा एक बंद कारखाना मिळालाय, तळमजला, पुढून-मागून वाट. शाईचे डाग घासायला आयांपैकी सात जणी आल्या होत्या.

एका दुपारी तिच्या टेबलावरचा फोन वाजला.

"परवाना कार्यालय का?" आवाज धाकटीचा. "तुमच्या त्या भिकार सिस्टीमबद्दल तक्रार करायचीय."

"बोला," ती म्हणाली. पेन हातात घेतलं.

"जागेचा नकाशा चढत नाही. चार वेळा झालं. लाल अक्षरात काहीतरी येतं आणि सगळं पुसलं जातं. नाव, पत्ता, सगळं पहिल्यापासून. हे ज्या कुणी बसवलंय ना, तिने स्वतः एकदा फोनवरून भरून बघावं. कडेवर पोर घेऊन."

"काय लिहून येतं लाल अक्षरात?"

"मला काय माहीत! वाचेपर्यंत जातं."

"पुन्हा करा. मी थांबते. वाचून सांगा."

पलीकडून टकटक ऐकू आली, एका मुलाचं रडणं, कुणाला तरी "थांब रे" म्हणणं. मग धाकटीने अक्षर अक्षर लावून वाचलं. फाईल मोठी होती. मर्यादा तिनेच ठेवली होती, कार्यालयातल्या स्कॅनरचा हिशेब धरून. फोनने काढलेला फोटो त्याच्या तिप्पट असतो, हे तिला सुचलं नव्हतं.

"चूक आमची आहे," ती म्हणाली. "उद्या सकाळी भरा. तुमचाच नाही, सगळ्यांचाच चढत नसणार."

"उद्या म्हणजे उद्याच ना? नाहीतर तुमचं 'पुढे गेलंय'."

"उद्या नऊला."

"बरं." धाकटीने फोन ठेवला नाही. "आई विचारत होती, रविवारी येणार का. मी नाही विचारत."

"आईला सांग, येते."

तिने त्याच दुपारी मर्यादा वाढवली. अर्धवट भरलेला अर्ज पुसला न जाता जपून राहील, अशीही सोय मागितली. होऊन जाईल म्हणाला, चार दिवस लागतील. ती म्हणाली, दोन. नवी मर्यादा तपासायला ती लगेच कार्यालयाबाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली आणि एका हातात पाच किलोची पिशवी धरून, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तिने आख्खा अर्ज भरला. तीन ठिकाणी अडली. तिन्ही लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून सहा मिनिटांनी आलेल्या अर्जांची संख्या एकाने वाढली. अर्ज कुणाचा, ते तिच्या पडद्यावर दिसत नव्हतं. एक राखाडी ओळ आणि 'आपणांस पाहण्याची परवानगी नाही' एवढंच, तिने लेखी दिलं होतं तसं. ओळ चौदाव्या जागी होती. तिच्या वर तेरा होते: एक न्हावी, दोन पाववाले, कुणाची शिकवणी.

तिने पहिला उघडला.